आज गळणारा केस तीन महिन्यांपूर्वीच सुटलेला असतो

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या बाथरूमच्या जाळीवर रोज सकाळी केसांचा एवढा बोळा जमायचा की पाणी तुंबायचं. आधी वाटलं थंडी आहे, कडकडीत पाण्याने अंघोळ करतोय, होत असेल. मग फणीत, उशीच्या अभ्र्यावर, कणीक मळताना परातीत, आणि एक दिवस लेक शाळेतून आली आणि डबा ओट्यावर ठेवत हळूच म्हणाली, "मम्मी, आज पण पोळीत केस होता." त्या दिवशी मी ओट्याला टेकून रडले, खरं सांगते. माझी वेणी लहानपणापासून जाड, आईने रोज सकाळी बसवून घातलेली, तिची आता शेपटी झाली होती आणि भांग असा रुंद दिसायला लागला होता की ऑफिसच्या लिफ्टमधल्या लाइटखाली उभं राहायचंच टाळायचे मी.

हे लिहायचं कारण, तेव्हा मी जे जे केलं ते बहुतेक सगळं चुकीच्या जागी केलं. पैसे गेलेच पण वेळ गेला याचं जास्त वाईट वाटतं. आणि आजूबाजूला बघते तर प्रत्येक जण हेच करतोय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

तर काय काय केलं. शॅम्पू बदलला, मग परत बदलला. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सांगितला, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात कांद्याला काय तोटा, माहेरून लासलगावचा कांदा पोत्याने येतो. किसून पिळून लावला तर तिसऱ्याच दिवशी डोकं भाजल्यासारखं लाल झालं, वर वास दोन दिवस जाईना. मग एका हेअर क्लिनिकमध्ये गेले, तिथे कुणी पांढरा कोट घातलेल्या मुलीने मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने डोकं दाखवलं, "मॅम तुमचे रूट्स डेड होतायत" म्हणाली आणि सहा महिन्यांचं ४२ हजाराचं पॅकेज पुढे ठेवलं, आजच भरलं तर डिस्काउंट. एकही प्रश्न विचारला नाही हो. आजारी होतात का, काय खाता, पाळी कशी येते, काही नाही. मी ते पॅकेज घेतलं नाही पण १८०० रुपयांचं सीरम घेऊन आले, घाबरलेल्या माणसाला रिकाम्या हाताने घरी येववत नाही.

जानेवारीत शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं, मग साठेक केसांचा झुबका चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढला. आठ केस हातात आले. त्यातला एक त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून दाखवला, त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा बारीक पांढरा ठिपका होता. मी म्हटलं हेच ना ते मूळ, मुळासकट येतोय ना केस? त्या म्हणाल्या, नाही, मूळ आत कातडीखाली शाबूत आहे, हा ठिपका म्हणजे केसाचं काम संपलं आणि तो सुटला याची खूण, तिथूनच नवीन येणार. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला आधी कुणीच विचारला नव्हता. "गळती सुरू व्हायच्या तीन महिने आधी काय झालं होतं?"

काय झालं होतं? ऑगस्टच्या शेवटी डेंग्यू झाला होता. त्या पावसाळ्यात आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत एक घर सोडून एक माणूस तापाने आडवा होता. सात दिवस ताप, तीन दिवस सलाइन, महिनाभर तोंडाला चव नाही. आणि त्यातून उठते ना उठते तोच नवरात्र आलं, मी दरवर्षी नऊ दिवस उपास करते, कालिका मातेला पहाटे चालत जाते, तेव्हाही केलं. नऊ दिवस साबुदाणा, बटाटा, चहा. देवीचं मी आजही तेवढ्याच श्रद्धेने करते, पण आजारातून उठलेल्या अंगावर नऊ दिवस नुसता साबुदाणा म्हणजे फक्त पिष्ट, त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

मॅडमनी समजावलं ते असं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत. एक केस दोन ते सहा-सात वर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, मग दोन-तीन आठवड्यांत थांबतो, मग तीनेक महिने नुसताच बसून राहतो आणि मग गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे नॉर्मलच आहे, आणि तुम्ही तीन दिवसांनी न्हायलात तर तीन दिवसांचे सुटलेले एकदम जाळीत दिसतात, त्याने घाबरायचं नाही. पण मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, एकदम कमी केलेलं खाणं, असं काही झालं की शरीर आधी जीव सांभाळतं आणि केस म्हणजे त्याच्या दृष्टीने चैनच, मग वाढणारे खूप केस एकदम थांबतात. थांबतात, पण लगेच गळत नाहीत! ते दोन-तीन महिने डोक्यावर तसेच बसतात आणि मग एका आठवड्यात सगळे निघायला लागतात. तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि दिवाळीत बदललेल्या शॅम्पूला शिव्या देत असतो.

मी हे फोनवर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. आमचं माहेर निफाडकडचं, द्राक्षाची बाग आहे, अण्णा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं मग हे तर बागेसारखंच झालं." द्राक्षात वर्षाला दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. घड दिसतात ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीच्या डोळ्यात घड ठरतो तो एप्रिलच्या छाटणीनंतरच्या महिना-दोन महिन्यांत. तेव्हा पाणी, खत, ऊन चुकलं तर ऑक्टोबरला डोळा फुटतो पण घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा पोकळ तंतू, निघते, आणि मग तेव्हा कितीही फवारे मारा, गेलेला घड येत नाही. अण्णा म्हणाले, "तू ऑक्टोबरात फवारे मारत बसलीस, चूक एप्रिलची होती." मला डॉक्टरांपेक्षा हे जास्त समजलं.

आणि ह्याचीच दुसरी बाजू पण आहे बरं का, जी तेल-सीरम विकणाऱ्यांच्या फार उपयोगाची आहे. तापानंतरची गळती सहसा कारण संपलं की तीन ते सहा महिन्यांत आपोआप कमी होते. माणूस चौथ्या महिन्यात वैतागून कुठलंतरी तेल घेतो, पाचव्या महिन्यात गळती थांबते, आणि तो आयुष्यभर सगळ्यांना ते तेल सांगत फिरतो. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. मी पण त्या १८०० च्या सीरमचा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकणारच होते.

पण माझं नुसतं तापाचं नव्हतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटीन ११, दोन्ही कमी. फेरिटीन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कणगीत किती धान्य शिल्लक आहे तसं. थायरॉइड नॉर्मल निघालं, व्हिटॅमिन डी कमी. मॅडमना फेरिटीन निदान ४० च्या वर हवं होतं. माझी पाळी जास्त जाते हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, आपल्याकडे ते सांगायची गोष्ट समजतच नाहीत, वर्षानुवर्षं तसंच चालू असतं. तर बायांनो, केस गळतायत म्हणून तेलाच्या बाटलीवर खर्च करायच्या आधी हिमोग्लोबिन, फेरिटीन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन बी१२ आणि डी एवढं एकदा डॉक्टरांना विचारून बघून घ्या. आणि त्या केसांच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला जायच्या आधी डॉक्टरांना सांगा, जास्त बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. खरी बायोटिनची कमतरता तशी फार कमी लोकांना असते.

लोहाच्या गोळ्या मी पाच महिने घेतल्या. पहिल्या महिन्यात पोट बिघडलं, शी काळी झाली, सोडून द्यावंसं वाटलं, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. हिमोग्लोबिन दोन महिन्यांत वर आलं तरी गोळ्या थांबवायच्या नव्हत्या, कारण साठा भरायला वेळ लागतो. घरात दोनच गोष्टी बदलल्या पण त्या पक्क्या. जेवणानंतरचा चहा बंद, चहाने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, आता मी जेवणानंतर तास-दीड तास थांबते. आणि मटकीची उसळ असो, मेथी असो, वरून लिंबू पिळायचंच, त्याच्या क व्हिटॅमिनने लोह चांगलं शोषलं जातं. नाशिकमध्ये मिसळीबरोबर लिंबू देतात ते उगीच नाही असं मी आता सगळ्यांना सांगते. आईने अळिवाचे लाडू पाठवले, भाजी लोखंडी कढईत परतायला लागले. प्रोटीनसाठी रोज दोन अंडी, म्हणजे साधारण १२ ग्रॅम, वरून दोन वाट्या घट्ट वरण आणि दही. पुढच्या नवरात्रात उपास केला पण साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, दूध, राजगिरा. कालिका मातेला तशीच चालत गेले.

आता तेल. हा विषय नाजूक आहे कारण आईच्या हातचं कोमट खोबरेल म्हणजे माझं अर्धं बालपण आहे. खोबरेल तेल चांगलंच आहे, ते केसाच्या आत जातं आणि धुताना केसाचं प्रोटीन कमी जातं, केस तुटत कमी. पण ते आधीच उगवलेल्या केसाला सांभाळतं, मुळातून नवीन केस उगवत नाही. आणि ज्याच्या डोक्यात कोंडा आहे, तेलकट पिवळट खपल्या आहेत, खाज येते, त्याने तेल रात्रभर थापून ठेवणं म्हणजे कोंड्याच्या बुरशीला जेवण वाढणं, ती तेलावरच जगते. मला होता कोंडा. मी "कोरडं पडलंय" समजून जास्त जास्त तेल लावत होते. मॅडमनी केटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा, शॅम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, फेस करून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा, लावला की लगेच धुतला तर काही उपयोग नाही. महिन्याभरात खाज गेली. आता मी तेल फक्त लांबीला लावते, न्हायच्या आधी तासभर.

न्हायचं पण सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं की सोसायटी बोअरचं चढवते, आणि त्या पाण्याचे पांढरे क्षार बादलीला, नळाला बसतात ते खरवडावे लागतात. सगळे म्हणतात बोअरच्या पाण्याने केस गळतात. मला मॅडमनी एक साधी युक्ती शिकवली, गळलेला केस हातात घेऊन बघा. टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून सुटलेला, पाण्याचा दोष नाही, कारण आत शोधा. ठिपका नसेल आणि केस तोकडा असेल तर तो मध्येच तुटलाय, तिथे क्षाराचं पाणी, कडकडीत पाण्याची अंघोळ, स्ट्रेटनिंग, कंगवा यांचा हात आहे. मी एका रविवारी वर्तमानपत्रावर सगळे केस मांडून मोजले, ९४ होते, त्यातले वीसेक तुटके. तेव्हापासून शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेते, कंडिशनर लावते आणि ओल्या केसात फणी घालत नाही. आपल्या आया न्हाल्यावर पंचाने फटाफट केस झाडायच्या ना, ते बंद केलंय, ओला केस सगळ्यात कच्चा असतो. जुन्या सुती टीशर्टमध्ये गुंडाळते, अर्धे वाळले की मोठ्या दाताच्या कंगव्याने खालून वर सोडवत जाते.

लेकीचं पण बदललं. शाळेत रिबिनी लावून दोन वेण्या लागतात, मी त्या इतक्या करकचून घालायचे की तिचे डोळे ताणले जायचे. रोज ओढून ओढून कपाळावरचे आणि कानाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. आता सैल घालते, सुट्टीच्या दिवशी मोकळे.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट वेगळी आहे आणि ती पण सांगायलाच हवी, कारण त्याचं आणि माझं गळणं एक नाही. तो ३१ चा, कपाळाचे दोन कोपरे चोविसाव्या वर्षापासून मागे सरकतायत, आता माथ्यावर विरळ. त्याची जाळी तुंबत नाही, ढीगभर केस दिसत नाहीत, केस हळूहळू बारीक होत होत नाहीसे होतात. हे घराण्याचं, डीएचटी हार्मोनला मुळं जास्त संवेदनशील असतात म्हणून होतं, आणि ते आई-वडील दोघांकडूनही येऊ शकतं, अण्णांचं टक्कल बघून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हेल्मेटने पण होत नाही, त्यामुळे द्वारका सर्कलवरून हेल्मेट काढून जाऊ नका प्लीज. भावाला कुणीतरी सांगितलं होतं रामकुंडावर मुंडण कर, दाट येतील. वस्तरा कातडीच्या वर चालतो, मूळ आत असतं, त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. टोक बोथट कापलं जातं म्हणून नवीन केस राठ वाटतो एवढंच.

त्याला डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं, पाच टक्क्यांचं, सकाळ-संध्याकाळ एक-एक एमएल, कोरड्या डोक्यावर, केसांना नाही तर कातडीला. हे औषध मुळात ब्लड प्रेशरची गोळी होतं, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून मग डोक्याला लावायचं निघालं, अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला केसांसाठी परवानगी मिळाली. तिसऱ्या आठवड्यात भावाचे केस उलट जास्त गळायला लागले आणि त्याने बाटली कपाटात फेकून दिली. हे इतक्या जणांचं होतं! जुने बसलेले केस ढकलले जातात आणि नवीन यायला लागतात म्हणून सुरुवातीला गळती वाढू शकते. मी त्याला परत लावायला लावलं, बाटलीवर मार्करने तारीख टाकली आणि सांगितलं सहा महिने आरशात बघून निकाल लावायचा नाही. आठ महिने झाले, माथा थोडा भरलाय, कोपरे जसेच्या तसे. म्हणजे मागे सरकणं थांबलंय, आणि तेवढंही पुष्कळ आहे. सोडलं तर तीन-चार महिन्यांत होतं तिथे परत येतं हे पण त्याला स्पष्ट सांगितलंय. डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची गोळी पण डॉक्टरांनी समजावली, तिचे लैंगिक आणि मनावरचे साइड इफेक्ट पण, त्याने विचार करून सध्या नको म्हटलं, तो त्याचा निर्णय.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे, थोडंसं चाटलं तरी जीव जाऊ शकतो. मळ्यात आमची मांजर भावाच्या उशीवरच झोपते, आता तिला खोलीत घेत नाही आणि अभ्रा रोज बदलतो.

रुपयाएवढा गोल चट्टा पडला असेल, ज्याला आपण चाई म्हणतो, तर लसूण-बिसूण चोळत बसू नका, त्यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा केसांच्या मुळांवर हल्ला करते, त्याला वेगळी ट्रीटमेंट असते. आणि डोक्याची कातडी गुळगुळीत चकचकीत होत असेल, दुखत असेल, पू येत असेल तर थांबूच नका, अशा प्रकारात मूळ कायमचं जाऊ शकतं.

मी दर महिन्याच्या एक तारखेला गॅलरीत त्याच जागी, सकाळी नऊच्या उन्हात, भांगाचा एक फोटो काढते. रोज बघितलं की काहीच कळत नाही, नुसता जीव घाबरतो. मार्चच्या आणि जूनच्या फोटोत काहीच फरक नव्हता असं मला वाटत होतं, नवऱ्याने शेजारी शेजारी लावून दाखवले तेव्हा दिसलं, कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे उभे, हट्टी, बारीक केस, विंचरले तरी न बसणारे. वेणी अजून पूर्वीएवढी नाही. महिन्याला एक सेंटिमीटर, कमरेपर्यंत यायला वर्षं लागणार हे मी मान्य केलंय.

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा सिन्नरहून फोन आला, रडत होती. "ताई, मूठ मूठ केस येतायत गं, टक्कल पडणार मला." मी विचारलं, बाळंतपणाला किती महिने झाले? म्हणाली साडेतीन. मी फोनवरच बोटांवर मागे मोजलं. तिला म्हटलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दाखवून घे, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडू नकोस, अळिवाचे लाडू खा, अंगावर पाजतेयस तर डोक्याला कुठलंही औषध विचारल्याशिवाय लावू नकोस, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बरेचसे परत येतील. थोडा वेळ ती काही बोलली नाही, मागून बाळाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बरं, पण तेल कुठलं लावू?"

म्हटलं, घरात असेल ते लाव, आणि लावायला मावशीला बसव.